घाईबाईचा एकच डबा

बंदराच्या कचेरीतून निवृत्त होऊन मावशीला कितीतरी वर्षं झाली होती. भाची तिथेच नोकरीला लागल्यापासून तिथल्या भानगडी घरबसल्या कळत. आज मात्र भाचीने तिला हाताला धरून थेट आपल्या टेबलाशी आणून बसवलं.

"तुमचं भरती-ओहोटीचं जुनं गणित मी माझ्या नव्या पायथन प्रोग्राममधून बोलावलंय. आकडे चोख येतात. पण नावं? या बंदराची भरती त्या बंदराच्या नावावर! साहेब म्हणतात, आज सुधारलं तर ठीक, नाहीतर जुनं सगळं काढून टाका."

जुनं सगळं म्हणजे मावशीचं आणि तिच्या जोडीला काम करणाऱ्या घाईबाईचं. घाईबाई गेली, आणि तिच्या हातचं जगात उरलं ते एवढंच.

याच खोलीत दोघी खिडकीकडे पाठ करून बसत. कचेरी एकीला घाईबाई म्हणे, मावशीला मापटं. मापट्याने गणित फोर्ट्रान भाषेत लिहिलं, घाईबाईने बंदरांची नावं शोधून देणारा भाग सी भाषेत. दोन भाषांचा संसार म्हणजे दोन जावांचं एक स्वयंपाकघर. फोर्ट्रानमधल्या शब्दाची लांबी आधीच ठरलेली, उरलेली जागा कोरी. सीमधला शब्द शेवटी शून्याची खूण येईपर्यंत.

"तुझ्या शब्दाला केवढी ग शेपटी! निम्मी रिकामी," घाईबाई म्हणे.

"आणि तुझा कुठे संपतो ते बघायला गावभर चालावं लागतं!"

खरं भांडण जुंपलं ते उत्तर ठेवायचं कुठे यावरून. मावशी म्हणे, विचारणाऱ्याने आपलं भांडं आणावं आणि त्याचं माप सांगावं. घाईबाई फणकारली, "भांडी कोण मोजत बसणार? मी एकच डबा ठेवते. उत्तर त्यात. आपल्या भांड्यात काढून घ्या, मग पुढचं विचारा." शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले, इतका आवाज चढला. शेवटी मावशी हरली. दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी घाईबाईनेच चहाचा कप आणून पुढ्यात आदळला.

"तुझा प्रोग्राम एका वेळी किती बंदरं विचारतो?" मावशीने भाचीला विचारलं.

"सगळी, एकदम. का?"

"इथेच पाणी मुरतंय. डबा एकच आहे, बाई. एकाचं नाव काढून घेईपर्यंत त्यात दुसऱ्याचं पडतं."

भाचीने कपाळावर हात मारला. "रांग लावली तर? पण मग सगळं रखडेल, साहेबांना ते चालायचं नाही." ती थोडी घुटमळली. "त्यापेक्षा ज्याने त्याने आपापली जागा द्यावी, मापासकट. घाईबाईंच्या कोडमध्ये तेवढंच बदलायचं. करू?"

मावशी खिडकीकडे बघू लागली. हेच तर ती त्या भांडणात घसा फोडून सांगत होती. तेव्हा कुणी मानलं असतं तर महिनाभर तिचे पाय जमिनीला लागले नसते. आता जिंकून तोंड दाखवायचं कुणाला?

"नको असेल तर राहू दे, मावशी."

"राहू दे कसं? एका डब्यापायी तिचं सगळं घर मोडायचं?" मावशीने खुर्ची पुढे ओढली. "सरक. मीच करते. परक्याने तिच्या कामाला हात लावलेला तिला खपायचा नाही."

"मी परकी?"

"तिच्या लेखी मीसुद्धा परकीच होते ग, भांडणापुरती."

बोटं पूर्वीसारखी चालत नव्हती. डबा काढला. विचारणाऱ्याने दिलेली जागा वापरली, तिचं माप घेतलं. नावाच्या शेवटी शून्य मात्र घाईबाईच्याच पद्धतीने ठेवलं, आणि मापात त्या शून्यालाही जागा धरली.

भाचीने प्रोग्राम चालवला. सगळी बंदरं आपापल्या नावावर आली. तिच्या आरोळीने साहेबच आत आले. पडद्याकडे बघत म्हणाले, "वा! राहिलं म्हणायचं जुनं. पण मावशी, हे पहिल्यापासूनच असं का नाही केलंत? तो एकच डबा म्हणजे चूकच होती."

"चूक कसली?" मावशी ताडकन म्हणाली. "तेव्हा यंत्रात जागा ती केवढी, आणि एका वेळी विचारणारा एकच. तिचंच बरोबर होतं."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. मावशी डोळे पुसत नव्हती, चष्मा पुसत होती.