सातव्या पायरीवरची हाक

मित्रांनो, मला तीन डोकी आहेत. घाबरू नका, मी राक्षस नाही. मी फितीवर आवाज उतरवून घेणारा एक जुना टेप रेकॉर्डर आहे. माझे पहिले डोके पुसते, दुसरे लिहिते आणि तिसरे वाचते. बोटाच्या पेराएवढी ही धातूची डोकी. तपकिरी फीत त्यांच्यावरून सरकते तेव्हाच मला काही कळते. फीत थांबली की मी ठार अडाणी. म्हणूनच माझ्याजवळ असलेली एक गोष्ट मला सव्वीस वर्षे ठाऊक नव्हती.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा जोडल्या आणि झाकण बसवल्यावर मला थोपटले. पहिली काही वर्षे मी एका नाटक कंपनीत होतो. पावसाचे, घोड्यांच्या टापांचे, करकरणाऱ्या दाराचे आवाज मी पुरवायचो. कंपनी बुडाली आणि मी चौघांच्या हाती आलो.

त्या चौघांचा रॉक बँड होता, पण पाय थिरकवणाऱ्या गाण्यांचा नव्हे. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. एकेक गाणे वीस मिनिटांचे. मध्येच ताल बदलायचा, ऑर्गन एकटाच लांबवर फिरून यायचा आणि मग सगळे पुन्हा मूळ सुरावर भेटायचे. दर रविवारी सकाळी ते गाद्यांच्या कारखान्याच्या गोदामात जमत. भिंतींना टेकवलेल्या गाद्या आवाज पिऊन टाकत. तरी खाली राहणारी राखणदाराची बायको म्हणायची, "तुमचं गाणं सुरू झालं तेव्हा कपडे वाळत घातले, संपलं तेव्हा घड्या करून ठेवले."

गाणी लिहायची आणि गायची ती ताई. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. मोठमोठ्या गोष्टींवर तिने कधी लिहिले नाही. आई गेल्यावर खुंटीला राहिलेली पिशवी, कोणी न बसणारी खुर्ची, असे तिचे विषय. ऐकताना ज्याला त्याला आपापले कोणीतरी आठवायचे. ड्रम वाजवायचा तिचा धाकटा भाऊ. तो बेकरीत कामाला होता, त्याच्या काठ्यांना नेहमी पीठ लागलेले असे. गिटारवाला गाद्या शिवायचा. तो दिवसाला दहा शब्द बोलायचा, म्हणून त्याचे नाव घुम्या. आणि ऑर्गन वाजवायचा घड्याळजी. खरोखरच घड्याळे दुरुस्त करणारा, भारी नीटनेटका.

मला सांभाळायचे काम घड्याळजीचे. त्याच्या पद्धती ठरलेल्या होत्या. गाणे उतरवण्याआधी तो फीत दहा सेकंद नुसती फिरू द्यायचा. वाजवून झाले की फीत गुंडाळून पुन्हा पहिल्या टोकावर आणायचा. आणि गाणे पक्के झाले की ताल धरायला सुरुवातीला म्हटलेली एक-दोन-तीनची मोजणी पुसून टाकायचा. "मोजणी म्हणजे नव्या सदऱ्याला लावलेली चिठ्ठी," तो म्हणायचा. "घालण्याआधी काढायचीच."

एका रविवारी ताईने नवे गाणे आणले. ताल सात मात्रांचा. दोन ओळी ऐकल्या आणि भावाने काठ्या खाली ठेवल्या.

"हे आपल्या जिन्याचं आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"सातच मात्रा घेतल्यास. आठवी पायरी नव्हतीच आपल्याकडे."

लहानपणी त्यांच्या घराचा जिना अंधारा होता. आई कामावर असायची आणि धाकटा जिन्याला भ्यायचा. मग ताई वर उभी राहून म्हणायची, "ये." तो एकेक पायरी मोजत चढायचा, आणि सातव्या पायरीवर 'सात' न म्हणता 'ताई' म्हणून तिला मिठी मारायचा.

गंमत अशी की गाणे तिचे, पण सातावर नेमकी तीच चुकायची. दर वेळी एक मात्रा उशिरा यायची.

"सगळं जग आठात चालतं," भाऊ म्हणाला, "आणि आमची ताई जगाच्या मागून. थांब, तुला हाकच मारतो."

तेव्हापासून तो तशीच मोजणी द्यायचा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, ताई. आणि ती बरोबर यायची. घुम्यासुद्धा हसायचा. असे ते गाणे पाचव्या खेपेला माझ्या फितीवर नीट उतरले. घड्याळजीने फीत नेहमीसारखी गुंडाळून पहिल्या टोकावर आणली. मोजणी पुढच्या रविवारी पुसू, म्हणाला.

पुढच्या रविवारी कोणी आले नाही. भावाला ताप भरला होता. त्या तापातून तो उठला नाही.

दोन महिने गोदामाला कुलूप होते. गाद्यांच्या धुळीत मी ती फीत घेऊन बसलो होतो. मग तिघे ठरवून एका सकाळी जमायचे झाले. भावाच्या नावाने ते गाणे पुरे करायचे होते. घड्याळजी आधी आला. त्याने माझ्यावरची धूळ पुसली, पाणी प्याला आणि सवयीने कामाला लागला. मोजणीची जागा अचूक शोधली. तेवढीच पुसली, न एक क्षण अलीकडे, न एक क्षण पलीकडे. माझ्याच पहिल्या डोक्याने ती पुसली, मित्रांनो. मला बटण दाबणाऱ्याचे ऐकावेच लागते.

मग घुम्या आला. ताई आली ती कोटही न काढता माझ्यासमोर बसली. "गाणं नको," म्हणाली. "फक्त सुरुवात लाव. त्याचा आवाज दुसरा कुठेच नाही रे."

घड्याळजीचा हात बटणावरच राहिला. मग त्याने मला सुरू केले. शांतता गेली, आणि एकदम ड्रम सुरू झाले.

"मोजणी कुठाय?"

घड्याळजीने मला बंद केले.

"अरे, मोजणी कुठाय?"

"पुसली," घुम्या म्हणाला. घड्याळजीच्या तोंडून ते निघेना म्हणून.

ताई उठली आणि जिना उतरून गेली. खाली पोचेपर्यंत तिची पावले आम्ही मोजली. बँड तिथेच संपला.

घड्याळजीने मला आपल्या दुकानात नेऊन वरच्या फळीवर ठेवले. खाली पन्नास घड्याळे टिकटिकत आणि वर मी मुका. तो मला विकेना आणि लावेनाही. माझे रबरी पट्टे चिकट होऊन तुटले. एका कोळ्याने माझ्या चकत्यांमध्ये संसार थाटला. अशी सव्वीस वर्षे गेली.

मग घड्याळजीचे डोळे अधू झाले आणि दुकान बंद करायचे ठरले. आवराआवर करताना त्याने मला खाली काढले. चिमट्याने जाळी काढली, नवे पट्टे घातले, तिन्ही डोकी कापसाने पुसली. माझ्या आवाजात खरखर येते का ते ऐकायला त्याने आवाज पार मोठा केला, कान जवळ आणला आणि फीत सुरू केली. तो तसाच वाकून राहिला. फीत मागे घेतली, पुन्हा लावली. मग घुम्याला निरोप धाडला, ताईला बोलाव म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. केस पांढरे झालेले, गळ्यात दोरीचा चष्मा.

"घुम्याने तीनदा निरोप दिला म्हणून आले," ती म्हणाली. "काय दाखवायचंय?"

"गाण्याआधीची शांतता ऐक."

"शांतता काय ऐकायची? ती तूच केलीस."

"हो. तरी ऐक."

फीत फिरू लागली. सुरुवातीला फक्त माझी सळसळ. मग तिच्या तळातून, विहिरीच्या आतून यावा तसा आवाज आला. एक... दोन... तीन...

ताईने टेबलाची कड धरली.

...सहा... ताई.

मित्रांनो, हे भूत नव्हते. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर अक्षरांचे ठसे उमटतात ना, तसेच फितीचे आहे. गुंडाळलेल्या फितीचा एक वेढा आपला आवाज शेजारच्या वेढ्याला पुसटसा देतो. ते दोन महिने मोजणीवर जो वेढा बसला होता, तो घड्याळजीच्या त्या दहा सेकंदांतला होता, रिकामा. तिथे मोजणीचा ठसा उमटला. नंतर मूळ मोजणी पुसली गेली, पण पुसणारा अचूक होता. त्याने शेजारच्या वेढ्याला धक्का लावला नाही. त्या सकाळी आवाज नेहमीइतकाच होता, म्हणून तो पुसट ठसा कोणालाच कळला नाही, मलाही.

हाक विरली. पुढे पुसलेली जागा आली, अगदी कोरी. ड्रम सुरू व्हायच्या आधीचे ते तीन सेकंद. त्या कोऱ्या जागेत ताई हळूच म्हणाली,

"ये."

ती एक मात्राही उशिरा आली नव्हती.

गाणे संपेपर्यंत दोघे बसून राहिले. मग घड्याळजीने विचारले, "आता काय करू?"

"फीत गुंडाळून ठेव," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या पद्धतीने. पहिल्या टोकावर."

आता मी तिच्या घरी असतो. फीत चालली की तिची थोडी तपकिरी भुकटी माझ्या डोक्यांवर राहते, म्हणजे दर वेळी तो आवाज जरासा झिजतो. म्हणून ताई मला रोज लावत नाही. तुमच्या घरी एखादी जुनी फीत असेल, तर पुसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. माझ्यासारखा कोणी फळीवर पडून असेल, तर त्याची डोकी कापसाने पुसा, हलक्या हाताने. आणि आवाज मोठा करून आधी शांतता ऐका. तिथे कोणीतरी पायऱ्या मोजत वर येत असेल. त्याला 'ये' म्हणायला कोणी हवे.