डोळ्यांदेखतची धार

पूर्णिमाचा मोबाइल वाजला की शालूबाईंच्या हातातलं काम थांबायचं. भाकरी थापता थापता हात परातीतच थबकायचा आणि कान मागच्या दारापाशी जायचा. सून फोन घेऊन गोठ्याकडं का जाते? एवढ्या हळू आवाजात का बोलते? "घाबरू नकोस, मी आहे," असं कुणाला सांगते? वाचकहो, असे प्रश्न एकदा घरात शिरले की त्यांना पाट मांडावा लागत नाही. ते आपले आपण जागा करून बसतात.

तसं हे घर चारचौघांसारखंच. कोल्हापुरात गंगावेशीजवळ राहायची जागा, मागं गोठा. रोज संध्याकाळी शालूबाई आणि त्यांचे पती जोतीराम दुभत्या म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जात. गिऱ्हाईक समोर उभं राहणार, धार थेट त्याच्या पेल्यात पडणार आणि फेसासकट दूध तो तिथंच उभ्यानं पिणार. मध्ये ना घागर, ना पाण्याची शंका. कोल्हापूरची ही जुनी रीत.

"डोळ्यांदेखत धार पडली की भांडण मिटलं," असं शालूबाई मोठ्या तोऱ्यात सांगत. दुधाचा हा नियम त्यांनी हळूहळू माणसांनाही लावला होता.

दोन हजार नऊ सालचा जुलै महिना होता. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेलं प्रेम, मग ती दोघं पुरुष असोत की बायका, गुन्हा ठरत नाही, असा निकाल दिल्लीच्या न्यायालयानं दिला. त्यानंतर काही तरुण मुलंमुली हातात फलक घेऊन बिंदू चौकात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. ज्ञानू शिंप्यानं तो पेपर कट्ट्यावर आणला आणि शालूबाईंच्या नाकासमोर धरला.

"बगा की वैनी, तुमची सूनबाई पेपरात!"

फोटोत पूर्णिमाच होती. तिच्या फलकावर लिहिलं होतं, 'मी उभयलैंगिक आहे. मला लपायचं नाही.'

शालूबाई घरी आल्या त्या तोंड लाल करूनच. "हे उभय का काय, ह्याचा अर्थ काय गं?"

पूर्णिमा मुरगूडची, एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करणारी. तिनं गॅस बारीक केला आणि सरळ सांगितलं, "आत्ती, मला पुरुषाबद्दल प्रेम वाटू शकतं, तसं बाईबद्दलही वाटू शकतं. युनिव्हर्सिटीत असताना माझं एका मुलीवर प्रेम होतं. मला बघायला आला होतात तुम्ही, तेव्हाच मी ह्यांना सगळं सांगितलं होतं."

मुलगा धैर्यशील शिरोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. तो म्हणाला, "व्हय आई. मला ठावं हाय. चौकात गेलती तीपण मला सांगूनच."

"म्हंजे निखारा पदरात बांधून घेतलास की रं! जिला दोन्हीकडची ओढ, ती एका ठिकाणी टिकंल व्हय?"

"शाले, पोरगी पहाटं उठून शेण काढती, तुझं पाय चेपती. तुला खुपतंय काय?" जोतीराम म्हणाले. पण ते बोलणं वैरणीच्या काडीसारखं वाऱ्यावर गेलं.

त्या दिवसापासून शालूबाईंना सगळीकडं तेच दिसू लागलं. रविवारी सुष्मिता नावाची मैत्रीण स्कूटीवरून यायची. 'हीच ती असणार!' चहा देताना तिच्या आणि पूर्णिमाच्या बोटांवर शालूबाईंची नजर. पूर्णिमा हसली तरी शंका, गप्प बसली तरी शंका. आणि धैर्यशीलच्या ताटात भाकरी वाढता वाढता रोज एक वाक्य: "आज पुन्यांदा फोन आलता हो. गोठ्यात जाऊन बोलली."

पाण्याचा थेंब थेंब दगडावर पडावा तसं झालं. एका संध्याकाळी धैर्यशीलनंच बायकोला विचारलं, "कुणाचा फोन होता?"

पूर्णिमानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. "कुणाचा ते मला सांगता येणार नाही. मी तसा शब्द दिलाय. पण तुम्ही असं कधी विचारलं नव्हतं."

त्या रात्री दोघं जेवली ती एकमेकांकडं न बघता. शालूबाईंना वाटलं, आपलं म्हणणं खरं ठरतंय. आपणच चूल पेटवली आणि आता धूर झाला म्हणून ओरडतोय, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी मुरगूडला पूर्णिमाच्या वडिलांना, कृष्णातांना, निरोप धाडला: 'रविवारी संध्याकाळी या. लेकीला घेऊन जायचं हाय.'

पण वडिलांसमोर पुरावा नको? डोळ्यांदेखत धार नको?

रविवारी दुपारी शालूबाई सुनेला म्हणाल्या, "मी आणि हे सरकी पेंड आणायला जातोय. तुझी मैत्रीण येणार असंल तर येऊ दे की निवांत." जोतीराम एकटेच गेले. शालूबाई मागच्या बाजूनं वळल्या आणि गोठ्याला लागून असलेल्या वैरणीच्या खोलीत कडब्याच्या पेंढ्यांमागं जाऊन बसल्या. घामानं अंग खाजत होतं, नाकात कुसळं जात होती. पण परसातला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

सुष्मिता आली. दोघी परसात म्हशींच्या पाण्याच्या दगडी डोणीवर बसल्या. शालूबाईंनी श्वास रोखला.

"पूर्णिमा, राग मानू नकोस," सुष्मिता म्हणाली. "पुढच्या रविवारच्या सभेत तू बोलू नयेस, असं चौकात उभ्या राहिलेल्या आपल्या गटाचं ठरलंय."

"का?"

"लोक म्हणतात, तुझं काय! तुला नवरा आहे, सासर आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे. उद्या अंगावर आलं की तू गप घरात जाऊन बसशील. आम्ही कुठं जायचं? खरं सांगू? मलाही कधीकधी वाटतं, तू नक्की आमची की त्यांची?"

पूर्णिमाचा आवाज आला, भरलेला पण ठाम. "इथं आत्तींना वाटतं, मी तुमच्यातली म्हणून पळून जाईन. तिथं तुम्हाला वाटतं, मी ह्यांच्यातली म्हणून पळून जाईन. मी आजवर कुठनं पळाले ते तरी सांगा कुणीतरी! नवऱ्याला मी निवडलंय, सुष्मिता. बाईवर प्रेम करता येत नाही म्हणून नव्हे. करता येतं, तरी मी ह्यांना निवडलं. तुझ्या गटात मी जोडीदार शोधायला येत नाही. शाहूवाडीच्या त्या पोरीसाठी येते."

"तिचे फोन अजून येतात?"

"रोज. भावांनी घरात कोंडलंय, चोरून फोन करते. तिनं खरं सांगितलं, की तिला मुलगीपण आवडते आणि मुलगापण. तर घरचे म्हणतात, मुलगा आवडतो ना, मग गप लग्न कर, अडचण कसली? आणि आपली माणसं म्हणतात, असल्या शेवटी लग्न करूनच जातात. तू खोटं बोलत नाहीस, एवढं सांगणारं तिला जगात कुणी नाही. मी तेवढंच सांगते गं. घाबरू नकोस, मी आहे, म्हणते."

शालूबाई ज्या फोनवर पहारा करत होत्या, तो हा फोन!

आणि तेवढ्यात घोटाळा झाला. धारेची वेळ होत आली होती. मालकीण आसपास आहे हे म्हशीला वासावरून कळलं होतं. ती दाव्याला हिसके देत वैरणीच्या खोलीकडं मान वळवून रेकू लागली. एक रेकली म्हणून दुसरी रेकली. पूर्णिमा उठून बघायला आली. तिनं दार ढकललं. समोर कडब्यात, डोक्यात काड्या घेऊन सासू बसलेली!

पूर्णिमानं हात पुढं केला.

"आत्ती, पाय अवघडले असतील. उठा. कुसळं टोचली का?"

एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं शालूबाईंना वाटलं.

मागून आलेली सुष्मिता कडवट हसली. "बघ, हे तुझं घर. पाळत ठेवतात तुझ्यावर."

"आणि तू आत्ता डोणीवर बसून काय करत होतीस?" पूर्णिमा म्हणाली. "आत्ती कडब्यामागं होत्या, तू समोर होतीस. एवढाच फरक."

सुष्मिताची मान खाली गेली. ती स्कूटी घेऊन निघून गेली.

कट्ट्यावर जायच्या आधी रत्नव्वाबाईंची दुधाची किटली पोहोचवायची होती. रत्नव्वाबाई मूळच्या गडहिंग्लजच्या, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. धैर्यशीलनं पहिली अक्षरं त्यांच्याच हाताखाली गिरवली. शालूबाईंनी किटली ठेवली आणि तिथंच पायरीवर बसकण मारली. सगळं सांगून टाकलं, कडब्यासकट.

बाई हसल्या नाहीत. लहान मुलाला गणित समजावतात तशा त्या सावकाश म्हणाल्या, "शालव्वा, एक विचारते. तुझ्या जोतीरामला बायका आवडतात की न्हाय?"

"ह्या वयात काय इचारता बाई!"

"सांग की. आवडतात म्हणूनच तुझ्याशी संसार केला. आणि कट्ट्यावर रोज किती बायका येतात! त्याच्यासाठी कधी कडब्यात जाऊन बसलीस?"

"न्हाय बा."

"का?"

"त्यांचा शब्द हाय. माणूस तसं न्हाय ते."

"मग पूर्णिमाचा शब्द न्हाय व्हय? यव्वा, कुणावर प्रेम वाटू शकतं, हा एक प्रश्न. दिलेला शब्द माणूस पाळतं का, हा दुसरा. तू दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच रकान्यात लिहिलंस. ज्याला फक्त बायका आवडतात तोही घर मोडतो, टिकवतोही. जिला दोघंही आवडू शकतात तीही तशीच. तुला दोन डोळ्यांनी दिसतं, म्हणून तू दोन वाटांनी चालतीस का?"

बाईंनी किटलीवर हात ठेवला. "आता हे सांग. सगळं गाव तुझ्या म्हशीपुढं उभं राहून दूध घेतं. मी इतकी वर्षं झाकलेली किटली घेते. कधी पाणी घातलंस ह्यात?"

"देवाशपथ न्हाय बाई! उलट तुमची किटली मी दोनदा विसळती."

"दोनदा का?"

"तुम्ही बगत न्हाय म्हणून..."

आणि शालूबाई थांबल्या. आपल्याच तोंडून काय निघालं हे त्यांना कळलं. अरे देवा! जी बाई कधी बघायला आली नाही, तिच्याच किटलीला आपण सगळ्यांत जास्त जपलं! आणि घरात आलेल्या लेकीवर मात्र आपण दोन्ही डोळे रोखून बसलो! विश्वास टाकला म्हणून आपण अधिक चोख वागलो, मग ती का वागणार नाही?

त्या कट्ट्यावर पोहोचल्या तेव्हा गर्दी जमली होती. जोतीरामनी म्हशी बांधल्या होत्या. मुरगूडहून आलेले कृष्णात एका बाजूला, हातातली पिशवी चुरगळत, मान खाली घालून उभे होते. रविवारची पाळी संपवून परस्पर आलेला धैर्यशीलही होता. आणि पूर्णिमा पेले धूत होती, रोजच्यासारखी.

ज्ञानू शिंप्याला राहवलं नाही. "काय वैनी, सूनबाई आज कुठल्या पार्टीत? इकडच्या का तिकडच्या?"

दोघंतिघं फिस्सकन हसले. शालूबाई धार काढायला बसल्या होत्या, त्या उठल्या.

"ज्ञानू, ती माझ्या घरातली हाय. आणि तू आजवर धा दुकानांचं धागं वापरलंस, म्हणून तू शिवलेलं कापड कुणी नाकारलं न्हाय. दूध प्यायचं तर पी, न्हायतर पेला पालथा घाल!"

हसणं थांबलं. शालूबाई कृष्णातांकडं वळल्या. "पावणं, तुमाला लेक न्यायला बोलावलं ती माझी चूक झाली. लेक कुठं जात न्हाय. तुम्ही मुक्काम करा, उद्या जावा." मग मुलाकडं. "आणि तू. फोन कुणाचा, असं इचारायला तुला मीच शिकवलं. ते इसर. मी शिकवायच्या आधी जसा होतास तसा हो."

धैर्यशील बायकोजवळ गेला. तिच्या हातातला पेला घेऊन तो धुऊ लागला. पूर्णिमाचे डोळे भरून आले.

"पोरी," शालूबाई हळूच म्हणाल्या, "कडब्यात बसलेल्या सासूला माफ करशील का?"

"आत्ती, तुमच्या केसात अजून काडी आहे," पूर्णिमा म्हणाली, आणि तिनं ती काढून टाकली.

पुढच्या रविवारी सभेच्या सभागृहात शालूबाई झाकलेली मोठी किटली घेऊन पूर्णिमासोबत आल्या. दारात सुष्मिता उभी होती. शालूबाईंनी पेला भरून पुढं केला. "डोळ्यांदेखत काढलेलं न्हाय हे. चालंल?"

सुष्मितानं पेल्याकडं बघितलं, शालूबाईंकडं बघितलं आणि एका दमात दूध पिऊन टाकलं. मग आत जाऊन तिनं स्वतः ध्वनिक्षेपक पूर्णिमाच्या हातात दिला.

पूर्णिमा बोलायला उभी राहिली आणि तिच्या पर्समधला मोबाइल वाजला. पर्स शालूबाईंच्या मांडीवर होती. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून दबका, रडवेला आवाज आला, "पूर्णिमाताई हायत?"

"हायत की बाळा. भाषण करायलीय. तू कोण ते सांगू नकोस मला. तू खोटं बोलत न्हाईस, एवढं ठावं हाय. घाबरू नकोस, मी हाय."

वाचकहो, दुधाची पारख डोळ्यांदेखत होते, ती तशी जरूर करावी. माणसाची मात्र पाळत ठेवून होत नाही. एखाद्याचं प्रेम कुणाकुणापर्यंत पोहोचू शकतं यावरून त्याच्या सचोटीचा हिशेब मांडू नये, आणि 'तू इकडची की तिकडची' असं विचारून कुणाला दोन्ही दारांबाहेर उभं करू नये. कायदा एका दिवसात बदलतो. घराचा उंबरा आपल्यालाच बदलावा लागतो, आणि तो आधी विश्वास टाकूनच बदलतो.