राजाच्या लग्नात धरलेली जागा

मित्रांनो, माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका, गुन्हा माझा नव्हता. मी एक सतरंजी आहे, निळ्या-लाल पट्ट्यांची. नागपूरच्या कारागृहातल्या मागावर ज्या हातांनी मला विणलं त्यांनी बाहेर काय केलं होतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वीण मात्र घट्ट बसली. आत असलेल्या माणसाला घाई नसते.

दिवाळीच्या प्रदर्शनात गयाबाईंनी मला विकत घेतलं. घेण्याआधी त्यांनी मला तिथेच अंथरलं, वर बसल्या, उठल्या, मांडी बदलून पुन्हा बसल्या. विक्रेत्याला वाटलं, बाई आता इथेच राहणार. मग त्या म्हणाल्या, "ठीक हाये, टोचत नाही." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

पुढची वर्षं मी भरपूर काम केलं. विहारातली रविवारची वंदना, नामकरणं, साखरपुडे, गच्चीवरचे पापड. माझ्यावर बसून लोकांनी जुनी भांडणं मिटवली आणि लगेच नवीन काढली. पण माझं खरं काम होतं जागा धरण्याचं. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आदल्या संध्याकाळी गयाबाई मला बगलेत मारून निघायच्या आणि गावोगावच्या पाहुण्यांसाठी जागा धरून ठेवायच्या. तिथे एक अलिखित नियम आहे. अंथरलेल्या सतरंजीला परका माणूस हात लावत नाही. एवढ्या गर्दीत मी रात्रभर पसरलेली असायची आणि माझ्या कडेवरून लोक पाय उचलून जायचे. मित्रांनो, असा मान फार कमी कापडांना मिळतो.

मग गयाबाईंचा मुलगा उज्ज्वल इंजिनिअर होऊन जर्मनीला, हॅनोव्हरला गेला. त्याच्याकडे पहिल्यांदा जाताना सामानाचं वजन जास्त झालं, तेव्हा गयाबाईंनी त्याच्यासाठी भरलेला पापडांचा डबा बाहेर काढला आणि मला आत घातलं. उज्ज्वल माझ्याशी तेव्हापासून फारसं बोलत नाही.

हॅनोव्हरला मला काहीच काम नव्हतं. तिथे माणसं खुर्चीवर बसतात आणि खुर्च्या मोजूनच पाहुणे बोलावतात. गयाबाई परत गेल्या आणि त्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे क्षमानं, मला केलरमध्ये ठेवलं. केलर म्हणजे इमारतीचं तळघर. जर्मन माणूस नको असलेली वस्तू टाकत नाही, तळघरात नेऊन तिला विचार करायला वेळ देतो. माझ्या शेजारी एक फुटकं हेल्मेट आणि उज्ज्वलचे स्कीइंगचे बूट होते. त्या बुटांनी बर्फ पाहिलेला नव्हता. आम्ही तिघं अंधारात पडून राहायचो. मला वाटलं, संपलं. पण मी सतरंजी आहे, गुंडाळी करून वाट पाहणं मला येतं.

यंदा गयाबाई पुन्हा आल्या आणि त्याच आठवड्यात लग्नाची बातमी लागली. हॅनोव्हरपासून तासाभरावर आल्टेनरोडे नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या प्रिन्सचं लग्न होतं आणि नवरीची मिरवणूक चर्चपर्यंत बग्गीतून निघणार होती.

गयाबाईंनी ही बातमी नागपूरला शेजारच्या कौसल्याबाईंना फोनवर सांगितली. कौसल्याबाईंनी फार पूर्वी विमानतळावर एका नटाला जवळून पाहिलं होतं आणि त्या एका दर्शनावर त्या अजून गल्लीत वट राखून आहेत. त्या म्हणाल्या, "टीव्हीवर तर आम्हीबी पाहतो बाई. तुम्ही समोर बसून पाहून या, मंग मानतो."

झालं. गयाबाईंनी फोन ठेवला आणि विचारलं, "क्षमा, माझी सतरंजी कुठं हाये?"

"आई, पण इथे राजे केव्हाच बंद झालेत," क्षमा म्हणाली. ती एका संशोधन संस्थेत काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीची आधी व्याख्या लागते. "प्रिन्स हे आता नुसतं आडनाव आहे. हा प्रिन्स विमा कंपनीत नोकरी करतो."

"मंग लग्नाले सुट्टी घेतली असंल ना?"

"घेतली असेल."

"घोड्याची बग्गी हाये?"

"आहे."

"मंग राजाच हाये. आदल्या संध्याकाळीच जाऊ. राजाचं लगन अन् आपण सकाळी जाऊन लोकायच्या पाठी पाहाच्या का?"

"अहो आई, एवढी गर्दी नसते इथे. आणि चौकात सतरंजी टाकलेली कोण मानणार?" एवढं बोलून क्षमाच थांबली. मग जरा नाइलाजानं म्हणाली, "मानतील. हे लोक सुट्टीवर गेले की पहाटे उठून स्विमिंग पूलच्या खुर्चीवर टॉवेल टाकतात आणि परत जाऊन झोपतात. दुपारपर्यंत त्या टॉवेलला कुणी हात लावत नाही."

"हे आपल्यासारखेच हायेत मंग," गयाबाई म्हणाल्या. जर्मनीबद्दलचं त्यांचं मत त्या क्षणी कायमचं चांगलं झालं.

अशा रीतीनं मी केलरमधून बाहेर आले. हेल्मेटला निरोप दिला. बूट अजून बर्फाची वाट पाहत होते.

संध्याकाळी उज्ज्वलनं आम्हाला आल्टेनरोडेच्या चौकात सोडलं आणि तो पार्किंग शोधायला गेला. पार्किंग त्याला पुढच्या गावात मिळालं. तो तिथेच गाडीत झोपला. आता चौकात गयाबाई, क्षमा, नऊ वर्षांची अन्वी आणि मी. गयाबाईंनी चर्चच्या पायऱ्यांसमोर नेमकी जागा हेरली आणि मला अंथरलं. गर्दी म्हणाल तर एक कबुतर होतं. आइस्क्रीमवाला शटर ओढता ओढता आमच्याकडे बघत होता, पण तो स्पर्धेत नव्हता.

"आजी, दास इस्ट पाइनलिश," अन्वी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं.

"काय म्हणते?"

"लाज वाटतेय म्हणते," क्षमानं सांगितलं.

"कोणाची? कबुतराची?" गयाबाईंनी चिवड्याचा डबा उघडला.

अंधार पडताना ओर्डनुंग्सआम्टचा माणूस आला. गावात सगळं नियमाप्रमाणे आहे ना, हे पाहणारं खातं म्हणजे ओर्डनुंग्सआम्ट. त्यानं नम्रपणे सांगितलं की चौकात बसायला परवानगी आहे, मुक्काम करायला नाही. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न असा होता की मी नेमकी कोण? तंबू नाही, गादी नाही, गालिचाही नाही. तो गुडघ्यावर बसला आणि माझी कड दोन बोटांत धरून जाडी तपासू लागला. मित्रांनो, इतक्या गांभीर्यानं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. प्रदर्शनातसुद्धा नाही.

"यावर झोपतात का?" त्यानं क्षमाला विचारलं.

क्षमा खोटं बोलत नाही. "झोपता येतं," ती म्हणाली, "पण आम्ही बसलोय."

त्यानं बराच विचार केला आणि निकाल दिला. माणूस बसलेला असेल तोवर मी आसन. माणूस आडवा झाला की त्या क्षणी मी बिछाना, आणि तिथून मुक्काम सुरू. मग गयाबाईंना सतरंजीसकट घरी जावं लागणार.

क्षमानं हे सगळं मराठीत सांगितलं. गयाबाई म्हणाल्या, "बरोबर हाये त्याचं. झोपलेल्या माणसाची जागा म्हणजे जागाच नाही."

त्या रात्री आमच्यापैकी कुणीही आडवं झालं नाही. अन्वी कलायला लागली की गयाबाई तिला खांद्यानं सरळ करायच्या आणि दीक्षाभूमीवरची एक हकिकत सांगायच्या. रात्रीत हरवलेला मामा सकाळी भलत्याच कुटुंबाच्या सतरंजीवर चहा पिताना कसा सापडला, ती. हकिकत थांबली की अन्वी डोळे मिटूनच विचारायची, "उंट डान?" म्हणजे 'आणि मग?', पण याचं भाषांतर गयाबाईंना लागलं नाही. ओर्डनुंग्सआम्टवाला मधून मधून येऊन आमचे कोन पाहून जायचा. एकदा गयाबाईंनी त्याच्यापुढे चिवडा धरला. तो क्षणभर घोटाळला आणि माझ्यावर बसून खाऊ लागला. सरकारी माणूसच बसल्यावर मी आसन असल्याबद्दल शंका उरली नाही.

गर्दी सकाळी आली, मिरवणुकीच्या जेमतेम अर्धा तास आधी, आंघोळ करून, नाश्ता करून.  क्षमा सासूबाईंकडे अशा नजरेनं बघत होती की गयाबाईंनी दुसरीकडे पाहिलं. पण आलेले सगळे लोक माझ्या कडेमागे, सरळ रेषेत, गुपचूप उभे राहिले. एकही बूट माझ्यावर आला नाही. पुढची अख्खी ओळ म्हणजे आम्ही.

"क्षमा, मोबाइल तयार ठेव," गयाबाई म्हणाल्या. "चेहरा आला पाहिजे. कौसल्याले दाखवाचा हाये."

आधी अग्निशमन दलाचा बँड आला. मग हिरव्या कोटातले, टोप्यांना पिसं लावलेले लोक. मग दोन घोड्यांची बग्गी आणि तिच्यात पांढऱ्या झग्यात नवरी. लाल गालिचा चर्चच्या पायऱ्यांपर्यंतच होता आणि बग्गी थेट त्याच्या टोकाशी थांबणार होती. पण एक घोडा अलीकडेच थांबला. विचार करू लागला. विचार करता करता त्यानं गालिचा आणि बग्गीच्या मधल्या दगडांवर जे करायचं ते केलं. भरपूर केलं. तो राजघराण्यातला घोडा होता, कंजूषपणा त्याच्या स्वभावात नव्हता.

गाडीवानानं लगाम ओढला. घोडा ना पुढे, ना मागे. नवरी झगा दोन्ही हातांनी उचलून बग्गीच्या पायरीवर उभी राहिली. आणि मित्रांनो, आता सगळा चौक एक गोष्ट ठरवू लागला, ती म्हणजे हे काम कुणाचं. बँडवाले म्हणाले, रस्ता नगरपालिकेचा. नगरपालिकेचे म्हणाले, घोडा खासगी. प्रत्येकाचं म्हणणं बिनचूक होतं आणि नवरी उभी होती.

"उठा," गयाबाई म्हणाल्या.

"आई, जागा जाईल. रात्रभर बसलोय आपण."

"जाऊ दे गेली तर. लगनाची नवरी कोणी दारात उभी ठेवते का?"

त्यांनी माझं एक टोक धरलं. दुसरं अन्वीनं. मिरवणुकीच्या वाटेकडेला बांधलेल्या दोरीपाशी ओर्डनुंग्सआम्टवाला आडवा आला, तेव्हा रात्रभर लाजलेली अन्वी त्याच्याकडे बघून स्पष्ट जर्मनमध्ये म्हणाली, "हे आसन आहे. तुम्हीच ठरवलंय. यावर कुणी झोपणार नाहीये, फक्त चालणार आहे." त्यानं विचार केला. नियमात बसत होतं. "गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे बरोबर, आणि त्यानं दोरी वर उचलली.

मला त्या दगडांवर अंथरण्यात आलं. खाली काय होतं ते मी सांगत बसणार नाही, पण मी डगमगले नाही. वारा होता म्हणून गयाबाई माझं टोक दाबून उकिडव्या बसल्या. नवरी उतरली. तिचा झगा गयाबाईंच्या डोक्यावरून सळसळत गेला. ती "डांके" म्हणाली, म्हणजे आभार, पुन्हा "डांके" म्हणाली आणि आत गेली. गयाबाईंना माझं टोक सोडून वर बघता आलं नाही. त्यांना दिसले फक्त बूट. पांढरे, कापडी, खेळायला जाताना घालतात तसे. एक नाडी हिरवी, एक पिवळी.

मागे वळून पाहिलं तर आमची जागा भरली होती. सतरंजी उचलल्यावर ती जागा कुणाचीच नसते, हाही नियमच. क्षमाच्या मोबाइलमध्ये एका हिरव्या गृहस्थाच्या टोपीचं पीस आलं होतं, अगदी स्पष्ट.

 गाडीत बसल्याबरोबर उज्ज्वलनं काचा खाली केल्या.

घरी आल्यावर गयाबाईंनी कौसल्याबाईंना व्हिडिओ कॉल लावला. "चेहरा नाही दिसला," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "बूट पाहिले." मग अन्वीनं मला मोबाइलसमोर उचलून धरलं. लाल पट्ट्यावर नवरीच्या बुटाचा ठसा होता, टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण. तिच्या पावलाखाली दाबून खालून वर काय उमटलं होतं, हे सांगायची गरज नव्हती.

कौसल्याबाईंनी चष्मा लावला. मोबाइल नाकाजवळ आणला.

"हे घोड्याचं हाये?"

"बग्गीच्या घोड्याचं."

"मंग खरंच समोर होत्या तुम्ही," कौसल्याबाई म्हणाल्या. "टीव्हीत हे नाही येत."

आता मी बाल्कनीत वाळत आहे. क्षमा मला मशीनमध्ये टाकायचं म्हणते, गयाबाई नको म्हणतात, आणि अन्वी मधे उभी राहून "आजीची आहे, हात नको लावू" असं चक्क मराठीत सांगते. म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. तुमच्याही तळघरात, माळ्यावर, पलंगाखाली माझी एखादी बहीण गुंडाळून पडलेली असेल. तिला बाहेर काढा, झटका, उन्हात टाका. धुवायची असेल तर खुशाल धुवा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की हा डाग कुणाचा.