दुसरं तिकीट फुकट

हसायचं तर हसा, पण मी क्रेडिट कार्ड आहे आणि मला बोलायचंय. बँकेनं आणि विमान कंपनीनं मिळून मला काढलं. मशीनमध्ये माझ्यावर एका बाईचं नाव उठवलं, पाकिटात कोंबलं आणि दिलं पाठवून. कुणाच्या घरी जायचंय, हे मला कोण विचारतंय!

पाकीट गेलं ते एका लाँड्रीत. नवरा कपडे धुवायचा, बाई इस्त्री करायची. एकुलती लेक लग्न होऊन लांब गेलेली, विमानाशिवाय जाता येत नाही इतकी लांब. बाजारात टेबल टाकून कार्ड विकायला बसलेल्या मुलीनं बाईला सांगितलं होतं, "मावशी, या कार्डावर एक तिकीट काढा, दुसरं फुकट. दर वर्षी!" बाईनं तिथंच सही ठोकली. दोघं जाऊ, लेकीचं घर बघू.

मी घरी येईपर्यंत सासू न्हाणीघरात पडली होती. पडली ती उठलीच नाही. दुकानामागच्या खोलीत तिची कॉट टाकली.

तरी बाईनं आशा सोडली नाही. साबण, सोडा, किराणा, सगळं माझ्यावर घ्यायची आणि पुसून मला पर्समध्ये ठेवायची.

"नवऱ्याला कधी इतकं जपलं नाहीस," नवरा चिडवायचा.

"नवरा कुठे विमानात बसवतोय?"

पण फुकट तिकिटाला अट होती. दोघांनी एकाच विमानानं जायचं. आणि म्हातारीला सोडून दोघं निघणार कशी? एकटी बाईसुद्धा जाऊ शकत नव्हती. अंग पुसायला म्हातारी पोटच्या मुलाला हात लावू द्यायची नाही. एकदा पगारी बाई ठेवून पाहिली, तर म्हातारीनं तिच्या अंगावर पाण्याचा पेला भिरकावला. ती बिचारी त्याच पावली परत गेली.

वर्ष संपलं, फुकट तिकीट वाया गेलं. माझी वर्षाची फी मात्र न चुकता आली. पुढच्या वर्षीही तेच. मी काय करणार? ना मला म्हातारीला उचलता येतं, ना कंपनीची अट खोडता येते. प्लास्टिकचा तुकडा मी.

यंदा लेकीला दिवस गेले. "आई, बाळंतपणाला ये गं. इथं माझं कुणी नाही." बाई नुसतं "बघते" म्हणाली. त्याच आठवड्यात फीचा मेसेज आला.

नवरा म्हणाला, "बंद करून टाक. वापरता येत नाही त्याची फी कशाला भरायची?"

"बंद केलं म्हणजे जायचंच नाही, असंच ना?"

"मग ठेव."

"ठेवून जाऊ कुणाबरोबर? तुमच्या फोटोबरोबर?"

मागच्या खोलीतून म्हातारी बोलली, "ठेव गं ते. पुढच्या वर्षी मी नसणार. जा मग दोघं."

नवरा खाली मान घालून बसला. बाई मात्र तणतणत आत गेली. "आई, असलं बोलायचं नाही! दर वर्षी फी भरायची आणि तुमच्या मरणाची वाट बघत बसायची? माझ्याच्यानं नाही होणार."

"आणि लेकीचं काय?"

बाईनं म्हातारीची उशी सारखी केली, बाहेर आली आणि बँकेला फोन लावला.

आज लेकीनं फोनवर विचारलं, "आई, त्या कार्डाचं काय झालं?"

"बंद केलं बाळा. फी फार होती. नव्हतं परवडत."

लेक म्हणाली, "बरं केलंस." आत म्हातारी जागी होती. ती सगळं ऐकत होती.

तुम्ही तरी ते खरं मानू नका. फी भरली असती तिनं. कपड्यांची आणखी गाठोडी घेतली असती, पण भरली असती.

फोन ठेवल्यापासून बाई कात्री घेऊन बसलीय. माझ्यावरच्या नावावरून अंगठा फिरवतेय नुसती.

काप बाई. मला दुखत नाही. तुझ्यासाठी माझ्याच्यानं काहीच झालं नाही, एवढं मात्र माफ कर.