प्रभाआजींच्या खिडकीखालचा भाड्याचा पॅनल

मित्रांनो, मी एक जुना सोलर पॅनल आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं निम्मं आयुष्य ढग कधी हटतात याची वाट बघण्यात गेलं. कारखान्यातले माझे सोबती कुठे कुठे वाळवंटात गेले, भरभरून ऊन प्यायले. माझ्या वाट्याला आलं आयर्लंड! पण तक्रार म्हणून नाही हं सांगत. मला जे मिळालं ते त्या वाळवंटातल्या शहाण्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. काचेखाली काळ्या-निळ्या चौकटी, भोवती ॲल्युमिनियमची कड, पाठीवर एक नंबर आणि दोन वायरी, एवढाच माझा देह. आम्हा तीस जणांना एका पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळीवर, एकत्र बांधून बोटीत चढवलं. माझ्या पाठीला पाठ लावून माझा धाकटा भाऊ उभा होता, माझ्यानंतर दोन मिनिटांनी तयार झालेला. कित्येक आठवड्यांनी कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या बंदरात उतरलो, तेव्हा पाऊस पडत होता. भाऊ म्हणाला, "दादा, आपण चुकीच्या गावाला आलो वाटतं." मी त्याला गप्प केलं, पण मनातून मीही हादरलोच होतो.

तिथून जवळच कॅरिगलाइन नावाच्या गावात दोन मराठी घरं शेजारी शेजारी होती. एका घरात चारुदत्त, त्याची बायको निवेदिता आणि सहा वर्षांची स्वरांगी. चारुदत्त रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात इंजिनियर. दुसऱ्या घरात नागपूरचा पियूष, कॉम्प्युटरवाला. दोघांनी एकाच कंपनीकडून पॅनल घेतले, पण करार मात्र दोन तऱ्हेचे केले. पियूषनं कर्ज काढून विकत घेतले. चारुदत्तनं भाड्यानं घेतले. म्हणजे सुरुवातीला काही द्यायचं नाही, वीस वर्षं दरमहा ठरलेलं भाडं भरायचं, बिघडलं तर कंपनी बघणार आणि पॅनल शेवटपर्यंत कंपनीचेच राहणार.

यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती म्हणे.

"पाच वर्षं हप्ते, मग माझं ते माझं," पियूष म्हणाला. "तू काय, वीस वर्षं दुसऱ्याचं सामान डोक्यावर घेऊन बसणार?"

"अरे, उद्या काही बंद पडलं तर तू धावशील. मी नुसता फोन करीन," चारुदत्त म्हणाला.

शेवटी दोघांनी चारुदत्तच्या आईला विचारलं. प्रभाआजी सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तुमचं कर्जबिर्ज कळत नाही बाबांनो. मी तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला. दुसऱ्याची भिंत म्हणून एक खिळा कधी वाकडा ठोकला नाही. कुणाचं का असेना, घरात आलं की आपलं."

हे सगळं मला नंतर आजींनीच सांगितलं. कसं, ते सांगतो.

आम्हाला बसवायला कंपनीचा डेक्लन नावाचा मिस्त्री आला, तो दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. आम्ही बारा जण बागेतल्या भिंतीला टेकून उभे. डेक्लन शिडी लावतोय तोच आजी ताम्हण घेऊन बाहेर आल्या. दसऱ्याला घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा करतात, आणि आम्ही तर आजन्म कामच करणार होतो. त्यांनी खोबरेल तेलात हळद-कुंकू कालवलं होतं, पावसानं वाहून जाऊ नये म्हणून. सर्वांत पुढे मी होतो. त्यांनी माझ्या खालच्या कोपऱ्यावर पाच बोटं उमटवली. मग मागे वळून बघतात तर डेक्लन टोपी काढून उभा! त्यांनी त्याच्याही कपाळाला कुंकू लावलं. "ग्रँड," म्हणजे झकास, असं तो म्हणाला आणि दिवसभर तसंच कपाळ मिरवत छपरावर फिरला.

अकरा जण मुख्य छपरावर गेले. माझ्यापुरती जागा उरली नाही म्हणून मला स्वयंपाकघरावरच्या बुटक्या छपरावर बसवलं, आजींच्या खोलीच्या खिडकीखाली. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. काय वेडा होतो मी!

पंधरा दिवसांतच भानगड झाली. कंपनीला दूरवरून आमची वीज मोजता येते. एक पॅनल कमी वीज देतोय असं त्यांच्या लक्षात आलं आणि डेक्लनला पाठवलं. त्यानं खिडकीतून वाकून पाहिलं, तर माझ्या कोपऱ्यावर तेलकट लाल पंजा, त्यावर धूळ बसून चांगला जाड थर झालेला. करारात स्पष्ट लिहिलं होतं की भाडेकरूनं पॅनलवर काहीही लावायचं नाही.

चारुदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, ते आपलं नाहीये गं! त्यांनी बोल लावला तर?"

आजींचा चेहरा एवढासा झाला. "देवाचं लावलं होतं रे, चिखल नव्हता फासला," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

डेक्लननं साबणानं काच लख्ख केली. पण काच आणि कड यांच्या फटीत जे कुंकू गेलं होतं, ते काही निघालं नाही. त्यानं बघितलं आणि तसंच राहू दिलं. ती बारीक लाल रेघ आजही माझ्या अंगावर आहे.

दुसऱ्या दिवसापासून आजींनी माझी जबाबदारी घेतली. लांब दांड्याचा मऊ ब्रश आणायला लावला. सीगल पक्षी घाण करून गेले की खिडकीतून हात काढून मला धुवायच्या. सकाळी सगळे कामाला, शाळेला जायचे आणि एवढ्या घरात त्या एकट्या. मग माझ्याशी बोलायच्या. सांगलीची घरमालकीण, गुडघेदुखी, सुनेच्या हातची आमटी कशी सुधारली, सगळं सगळं मला माहीत. ऊन पडलं की म्हणायच्या, "खा बाबा, खाऊन घे, परत मिळेल न मिळेल." आणि संध्याकाळी उजेड गेला की खिडकी लावताना रोज म्हणायच्या, "झालं हो तुझं काम. टेक आता."

स्वरांगी हसायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. "आजी, यू कान्ट टॉक टू अ पॅनल!"

"का नाही? तो तुझ्यापेक्षा शहाणा आहे. उलट बोलत नाही."

आजी तीनदा आल्या, दर खेपेला तीन महिने. मित्रांनो, ते नऊ महिने काढले तर माझ्या आयुष्यात उरतंच काय?

तिकडे पियूषचे हप्ते पाच वर्षांत फिटले. त्यानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. पण माझा भाऊ त्याच्या छपरावर होता, त्याचे हाल मी रोज बघत होतो. पियूषनं एकदा म्हणून मान वर करून पाहिलं नाही. भावाच्या पोटाखाली कावळ्यांनी काटक्या कोंबल्या, कडेला शेवाळ चढलं. मालक असून बेवारशी! "दादा, मी विकत घेतलेला आहे म्हणे," तो एकदा म्हणाला. तसे आमच्या कंपनीवालेही काही फार थोर नव्हते. इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा चारुदत्तनं फोन कानाला लावून अख्खा आठवडा गाणी ऐकली.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आजींच्या खोलीची खिडकी उघडली गेली, पण ती आजींनी नव्हती उघडली. स्वरांगी होती. बराच वेळ नुसती रडत बसली. सांगलीत आजी गेल्या होत्या. नंतर तो ब्रश तिनं हाती घेतला. माझ्याशी बोलायची मात्र नाही. मला वाटायचं, पोरी, एक शब्द तरी बोल.

यंदाच्या उन्हाळ्यात निवेदिताला डब्लिनला, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. घर विकायला निघालं. गिऱ्हाईक चांगलं होतं, पण त्यांच्या वकिलानं सांगितलं, दुसऱ्याच्या मालकीचे पॅनल छपरावर नकोत. भाड्याचा करार नव्या माणसाच्या नावावर होऊ शकतो, पण तो माणूस तयार हवा ना! उरलेल्या सगळ्या वर्षांचं भाडं एकदम भरून आम्हाला सोडवणं चारुदत्तला नव्या घरापायी जमणारं नव्हतं. मग एकच उरलं. कंपनीनं येऊन आम्हाला उतरवून न्यायचं.

"ऑल ऑफ देम?" स्वरांगीनं विचारलं. "इव्हन आजीज वन?"

"बाळा, करारात बारा आहेत. बारा परत द्यायचे," चारुदत्त म्हणाला. "तो आपला नाहीये गं."

"बट आजी सेड इट्स आवर्स!"

मी मनातून पार खचलो. गोदामात पडून राहायचं, नाहीतर मोडीत जायचं. माझ्या फटीतलं कुंकू तिथे कोणाला कळणार?

ठरल्या दिवशी व्हॅन आली आणि त्यातून उतरला डेक्लन. केस पांढरे झाले होते. अकरा जण उतरले, व्हॅनमध्ये चढले. माझ्याजवळ येऊन त्यानं ती लाल रेघ पाहिली आणि नकळत त्याचा हात कपाळाकडे गेला. "हाऊ इज युवर मदर?" त्यानं विचारलं. चारुदत्तनं सांगितलं. डेक्लननं टोपी काढली. स्वरांगी माझी कड घट्ट धरून होती, सोडेचना.

पियूष आपल्या फाटकात उभा राहून हे बघत होता. तो एकदम पुढे आला. "डेक्लन, माझे पॅनलही तूच बसवलेस ना? त्याच खेपेचे?"

"सेम पॅलेट," डेक्लन म्हणाला.

"मग माझ्यातला एक ने. हा स्वरांगीला राहू दे."

चारुदत्त चकित झाला. "अरे, पण तुझा एक कमी होईल."

"होऊ दे. माझा आहे, मला कुणाला विचारायला नको." मग मान खाली घालून म्हणाला, "मालक मालक म्हणून मिरवलो, चारु, आणि सात वर्षांत एकदा पाणी नाही मारलं त्यांना. प्रभाकाकू मला दोनदा बोलल्या होत्या."

डेक्लननं ऑफिसला फोन केला. बराच वेळ हो-नाही झालं. शेवटी तिकडून उत्तर आलं, त्याच जातीचा, चालू स्थितीतला असेल तर हरकत नाही, कागदावर नंबर बदला. डेक्लन पियूषच्या छपरावर चढला आणि नेमका कोणाला घेऊन उतरला? माझ्या भावाला.

पियूषनं स्वतः पाइप धरला, स्वरांगीनं आजींचा ब्रश घेतला. सात वर्षांचं शेवाळ आणि काटक्या निघाल्या. "दादा, किती बरं वाटतंय रे," भाऊ म्हणाला. मग त्याला व्हॅनमध्ये ठेवलं, दार लागलं. माझ्या जागी तो गेला, मित्रांनो. माझे लाड झाले आणि किंमत त्यानं मोजली, हे मी विसरू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, वस्तू विकत घ्या, कर्जानं घ्या, भाड्यानं घ्या, तुमचा हिशेब तुम्ही बघा. पण घरात आणलीत ना, मग अधूनमधून मान वर करून तिच्याकडे बघत जा. आम्हाला कागद वाचता येत नाही, हात तेवढा कळतो.

आता मी ब्युमॉन्टला असतो, परसातल्या लाकडी शेडच्या छपरावर. चारुदत्तनं एक लहान बॅटरी जोडून दिली आहे. आत स्वरांगी सायकल दुरुस्त करते, तिच्यापुरता एक दिवा मी जळता ठेवतो. परवा दसरा झाला. पाऊस होताच. स्वरांगी स्टुलावर चढली, हातात ताम्हण. काचेला तिनं हात लावला नाही. कडेवर, जुन्या लाल रेघेशेजारी, तिनं पाच बोटं टेकवली. संध्याकाळ होत आली होती. खाली उतरून ती जरा घुटमळली, आजूबाजूला कोणी नाही ना बघितलं आणि अडखळत, आयरिश हेल काढत म्हणाली,

"झालं हो तुझं काम. टेक आता."