फुगीने खाल्लेला तारा

“फुगे! काढ तोंड भाईर! तुना सासरानं शे का ते?”

सुगंधाबाईंनी कढईवरून झारा उगारला, तेव्हा कुठे फुगीने मैद्याच्या पातेल्यातून तोंड काढलं. दाढीला पीठ आणि चेहऱ्यावर पश्चात्ताप नावालाही नाही. शेळीच ती. तिकडे पट्टी नावाचा कुत्रा सांडलेल्या सारणावर जीभ फिरवत होता, सलाईन नावाचं बदक पाण्याच्या बादलीत उतरलं होतं आणि लचक्या नावाचं गाढव कुंपणापाशी उभं राहून हा सगळा गोंधळ एखाद्या वडीलधाऱ्यासारखं बघत होतं.

नावांची गंमत अशी. सुगंधाबाईंचे यजमान पुनाभाऊ शिरपूरला ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. इलाजाला आणलेलं जनावर मालक न्यायला आला नाही, की पुनाभाऊ ते संध्याकाळी चर्चमागच्या गल्लीतल्या आपल्या घरी घेऊन येत. जे दुखणं घेऊन आलं तेच त्याचं नाव. फुगीचं पोट फुगलं होतं, लचक्याचा पाय लचकला होता, आणि बदकाला सलाईन लावल्याचं शिरपुरात अजूनही कोणी खरं मानत नाही. कोंबड्यांना मात्र नावं नव्हती. एकदा नाव ठेवलं की तिचा रस्सा करायचा नाही, असा पुनाभाऊंचा कायदा होता, आणि त्यांना रस्सा फार आवडायचा.

ते गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात गेले. त्या नाताळला घरावर दिव्याचा कागदी तारा लागला नाही. गल्लीचा रिवाजच तसा आहे. चोवीस तारखेला दिवेलागणीला गाणारी मंडळी ढोलकी घेऊन निघतात आणि तारा टांगलेल्या प्रत्येक अंगणात गाणं म्हणतात. ज्या घरावर तारा नाही ते घर दुखवट्यात. तिथे ढोलकी वाजत नाही. मंडळी टोप्या काढतात, हळू आवाजात प्रार्थना करतात आणि पुढे जातात. गेल्या वर्षी तशीच गेली होती. दरसाल ढोलकीच्या तालावर गळा काढणारा लचक्या कान उभे करून कितीतरी वेळ वाट बघत राहिला होता. सुगंधाबाईंना ते बघवलं नव्हतं.

म्हणून यंदा तारा लागणार म्हणजे लागणार! आयुष्यभर मिशनच्या बोर्डिंगात मुलींचा स्वयंपाक केलेली ही बाई आठवडाभर पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. भिंतींना चुना झाला, अंगण सारवून झालं, लचक्याच्या गळ्यात घुंगरू आलं. करंज्या तर दोन डबे जास्तच, कारण या घरात गाणं झाल्यावर पहिली करंजी जनावरांना मिळत असे. पुनाभाऊ म्हणायचे, “त्या राती गोठामा पहिलं कोन व्हतं? ह्याच ना? मेंढपाळ त मांगून उनात!”

तारा तेवढा सुगंधाबाईंनी कधी केला नव्हता. ते काम पुनाभाऊंचं. यंदा त्यांनी स्वतः बांबूच्या कामट्या बांधल्या, गव्हाच्या बारीक पिठाची छान घट्ट खळ शिजवली, लाल-पिवळा पतंगाचा कागद चिकटवला, लांब झिरमिळ्यांची शेपटी केली. शेपटी खिळ्याला अडकवली आणि तारा अंगणात बाजेवर उन्हात वाळत ठेवला. वाळताना त्याच्याकडे बघून त्या दोनदा हसल्याही.

“सुगंधाक्का! दख वं, तुनी बकरी तारा खाई ऱ्हायनी!”

ही हाक शेजारच्या ताजबीची. तिचा नवरा नासीर गाद्या शिवतो; दोन्ही घरांत एकच बुटकी भिंत. सुगंधाबाई झारा घेऊनच धावल्या. बाजेवर नुसता बांबूचा सांगाडा उरला होता. फुगी चौथं टोक चाटून पाचव्याचा शेवटचा लाल तुकडा निवांत चघळत होती.

सुगंधाबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. साठीची बाई ताऱ्यासाठी रडते म्हणून कोणाला हसायचं असेल तर हसू दे. वर्षभर त्यांनी मनात एकच गोष्ट जपली होती: अंगणात पुन्हा ढोलकी वाजावी. आज चोवीस तारीख, दिवस कलायला आला होता, कागद संपला होता.

“इतला वरीस त्यासना ताराले हिनी कधी तोंड लावं नही,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “मीच करा त खाई टाका! मनावर काय राग शे हिना?”

भिंत ओलांडून आलेली ताजबी जरा घुटमळली. “अक्का, खळमा तिखट टाकं व्हतं का तुनी?”

“खळमा तिखट? याड लागनं का तुले?”

“पुनाभाऊ टाकेत ना. चांगलं दोन-तीन चमचा. म्हनीसन बकरी तोंड लावे नही.”

सुगंधाबाईंना एकदम घरातली तिखटाची बरणी आठवली. डिसेंबर लागला की तिच्यातलं तिखट भराभर उतरायचं. डॉक्टरांनी पुनाभाऊंना तिखट बंद केलं होतं, तेव्हा म्हातारा चोरून भाकरीवर तिखट-तेल घेतो, हा त्यांचा पक्का संशय. दरसाल नाताळच्या तोंडावर त्यावरून त्या घर डोक्यावर घ्यायच्या. पुनाभाऊ दारातल्या ओट्यावर मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचे. एका शब्दानं कधी बोलले नाहीत.

“मंग माले सांगं का बरं नही?”

ताजबीला हसू आलं आणि डोळेही भरले. “मीनी इचारं व्हतं. त म्हने, ‘ती वरडनी म्हन्जे नाताळ उना. सांगी दिधं त वरडी कशाले?’”

सुगंधाबाई एकदम पदर खोचून उठल्या. “चाल, ऊठ. नासीरभाऊले बलाव. तारा त लावनाच शे.”

नासीर आला तो गादीचं लाल पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणि दाभण घेऊनच. “कागद नही त नही, भाभी. कापड शे ना! खळबी नको, काही नको. बकरी काय, हत्तीबी खावाव नही.” तिघं घरात दिव्याखाली बसली. एक कापड ताणतंय, एक कापतंय, एक टाके घालतंय. सलाईन मध्येच कापडावर येऊन बसलं, त्याला दोनदा उचलून ठेवावं लागलं. ताजबीच्या बोटाला दाभण टोचलं. दोन टोकं झाली, तिसरं झालं. बाहेर अंधार पडला होता आणि ढोलकी दोन घरांवर आली होती.

“घाई करा वो!” सुगंधाबाई दाताने दोरा तोडत म्हणाल्या.

चौथं टोक चालू असताना ढोलकी थांबली. अगदी दारात येऊन थांबली. ढोलकीवाल्या मगनने वर पाहिलं होतं. वळचणीला तारा नव्हता. त्याने ढोलकीवर पंजा ठेवला आणि मंडळींनी टोप्या काढल्या. आत तिघांना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, मंडळी पलीकडच्या घरी चहाला बसली असतील.

तेवढ्यात लचक्या ओरडला. असा की गल्लीतली सगळी कुत्री जागी झाली. त्याला ढोलकी ऐकू आली होती, आणि या वर्षी तो गप्प बसणार नव्हता.

“माय वं, दारमा शेत त्या!” सुगंधाबाई तारा उचलून तशाच बाहेर धावल्या. पाचवं टोक उघडं, दाभण दोऱ्याला लोंबतंय, पाठीमागे नासीर दोरा धरून पळतोय. “मगनभाऊ! वाजाड! घर दुखवटामा नही शे! तारा शेळीनी खादा!”

मंडळी अशी हसली की टोप्या घालायचं विसरली. मगनने ढोलकीवर थाप मारली. नासीरने वळचणीखाली उभ्याउभ्या पाचवं टोक शिवलं, आत दिवा सोडला, आणि गादीच्या कापडाचा तो पट्टेरी तारा लागला. लाल उजेड अंगणभर पडला. गाणं सुरू झालं. लचक्या वरच्या पट्टीत, पट्टी त्याच्याही वर. सुगंधाबाई मध्यभागी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. गाणं संपल्यावर त्यांनी पहिली करंजी फुगीला दिली. तिचा आज पोटभर फराळ झाला होता, तरी तिने ती खाल्ली.

मंडळी पुढच्या घराकडे गेली. ताजबी-नासीर करंज्यांचा डबा घेऊन भिंतीपलीकडे गेले. खिळ्याला ताऱ्याची कागदी शेपटी तशीच लटकत होती आणि वाटीत थोडी खळ उरली होती. शेपटीशिवाय कसला तारा?

सुगंधाबाईंनी फळीवरून तिखटाची बरणी काढली. डिसेंबर सरत आला होता आणि बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. गेल्या डिसेंबरातही तशीच होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी दोन चमचे तिखट खळीत घातलं. थोडं थांबून तिसराही घातला. शेपटी चिकटवली, तिला नाक लावून फुगी शिंकली आणि मागे सरली. मग ती बरणी हातात धरून सुगंधाबाई दारात आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “डिसेंबर लागना म्हन्जे मनं तिखट कोठे जास, माले काही समजत नही!”

ओट्यावर कोणी नव्हतं. कुंपणापाशी लचक्या होता. त्याने मान खाली घातली आणि सगळं ऐकून घेतलं.