पहिला फोटो हाताचा

एक तळहात, सकाळच्या राखाडी उजेडात, बोटं जुळवलेली.

कुंपणाच्या तारेवर दवाचे नऊ थेंब.

शाम्पूच्या बाटलीवर उमटलेला फोटोग्राफरचा चेहरा, पुसून टाकलेला.

तपकिरी हातमोजा, अंगठ्याशी पांढऱ्या दोऱ्याचा टाका.

"हललीस ना?"

घुबड. किंवा घुबडाच्या आकाराचा धूर.

बाटली आणि तो प्रश्न सोडला, तर हे सगळं एकाच हार्ड डिस्कमध्ये होतं. ती डिस्क वहिनी मोज्यात गुंडाळून, बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली आणि धाकटीच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आधी पंखा लाव."

धाकटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय पंचेचाळीस, केस अर्धे पांढरे, तरी घरात अजून धाकटीच. एका छापखान्यात ती जाहिरातींचे फोटो साफ करायची. बाटल्यांवरची प्रतिबिंबं, फरशांवरचे ओरखडे, घड्याळांच्या काचेवरची धूळ. दादाने जन्मभर पक्ष्यांचे फोटो काढले आणि हिने जन्मभर लोकांच्या बाटल्या पुसल्या.

"वाचनालयाच्या भिंतीवर बारा फोटो लागणार आहेत," वहिनी म्हणाली. "यादी त्याने सांगितली, मी लिहिली. साफ तूच करायचेस, असा हुकूम आहे."

"मग स्वतः का नाही फोन केला?"

"केला असता तर दोघं काय बोलला असतात? 'बरी आहेस ना', 'बरा आहे', ठेवला फोन."

"डोळे कसे आहेत?"

"मधलं गेलं, कडेकडेचं दिसतं. समोर बसले तर मी नाही, बाजूला उभी राहिले तर आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठे माझ्याकडे तिरप्या नजरेने बघायला लागलाय."

यादीत अकरा पक्ष्यांची नावं होती. बाराव्या ओळीत लिहिलं होतं, 'घुबड. तेच.'

ते घुबड गवताळ माळावर थंडीतच यायचं. दादाने त्याच्यासाठी सहा हिवाळे घालवले होते आणि त्या सहाही हिवाळ्यांत धाकटी त्याच्या शेजारी पोटावर पडून होती. सहाव्या हिवाळ्यात ते एकदाचं खांबावर येऊन बसलं. दादाला एकच फोटो मिळाला, तोही हललेला, आणि घुबड उडून गेलं. "हललीस ना?" घुबड तिच्यामुळेच बिचकलं असं धरून दादाने विचारलं. ती म्हणाली, नाही. शब्दाने शब्द वाढला. दादाबरोबर पुन्हा फोटोला जायचं नाही, असा त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला तो लावलाच. सोळा वर्षं झाली. मधल्या काळात तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की हललो असू आपण. गुडघ्याखाली खडा होता, हे तिला आठवत होतं.

दादाला तो फोटो भिंतीवर हवा होता. तिला त्या फोटोकडून एवढंच हवं होतं, की मी हलले की नाही हे एकदा कळू दे.

म्हणून तिने तो शेवटी ठेवला.

अकरा पक्षी सरळ होते. आधी नॉइज काढायचा, म्हणजे कमी उजेडात फोटोवर उठतात ते लाल-निळे दाणे. मग धार लावायची, पण फक्त डोळ्याला, चोचीला आणि मानेवरच्या पिसांना. मागच्या पाण्याला धार लावली की पाणी पत्र्यासारखं दिसतं. दाणे जास्त काढले की पक्षी मेणाचा होतो. हे सगळं हाताच्या अंदाजाने करायचं असतं. तिने घाई केली आणि एक अख्खं फोल्डर एका दमात यंत्राला देऊन टाकलं.

उघडून बघते तर पहिलाच फोटो मेणाच्या हाताचा. रेषा गायब, बोटांवरच्या सुरकुत्या गायब.

तिने केलेलं सगळं मागे घेतलं. रेषा परत आल्या, आणि तिला हात ओळखू आला. तो तिचाच होता.

"हात," दादा म्हणायचा. एवढंच. ती तळहात उजेडात धरायची आणि तो त्यावरून उजेड मापायचा. रिळाच्या काळात नुसतंच मापायचा, कारण रीळ महाग. डिजिटल आल्यावर पहिला फोटोच हाताचा काढायला लागला. "फुकटात आहे, काढून ठेवतो."

ती एकेक फोल्डर उघडत गेली. प्रत्येक सकाळ हातापासून सुरू होत होती. शाई लागलेला हात. बांगडी घातलेला. मनगटाला कॉलेजात घेतलेलं घड्याळ असलेला. पट्टी बांधलेला, तेव्हा तिला दाराने चिमटलं होतं आणि दादाने "उद्या नको येऊस" म्हटल्यावर ती रडली होती. ती पट्टीसुद्धा इथे होती, कडेचा धागा सुटलेली.

घुबडाच्या दिवशीचा हात गारठून लालसर झाला होता. मोठा तपकिरी हातमोजा तेवढ्यापुरता काढून मनगटावर लोंबत ठेवलेला.

त्यानंतरच्या फोल्डरांत काय असेल, ते तिला बघायचं नव्हतं. तिने बघितलं.

तिथेही हात होता. दादाचा डावा. उजव्या हाताने जड कॅमेरा पेलून काढलेला, त्यामुळे दर वेळी वाकडा आणि थोडा अस्पष्ट. सोळा वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती.

मग तिने घुबड उघडलं.

बाटल्या पुसणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते. वस्तू हलली तर वस्तूच फरपटते, बाकीचं जागच्या जागी राहतं. तिने फोटो मोठा केला. घुबडाच्या डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्याची तिरपी रेघ झाली होती. तिची नजर खाली तारेवर गेली. नऊ थेंब. नऊ तिरप्या रेघा, सगळ्या एकाच लांबीच्या, एकाच बाजूला कललेल्या. खांबाची कडही तशीच.

घुबड मुळी हललंच नव्हतं. हलला होता कॅमेरा.

तिने खुर्ची मागे सरकवली. खूप आनंद होईल असं तिला वाटलं होतं.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन दादाकडे गेली. दादा खिडकीकडे तोंड करून बसला, म्हणजे स्क्रीन त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात आला. अकरा फोटोंना तो "हं" म्हणाला. बाराव्याला म्हणाला, "डोळा स्वच्छ झाला का?"

"होईल. यंत्र हवा तसा डोळा काढून देतं. पिसंही देतं."

"मग घोडं अडलं कुठे?"

"ती त्याची पिसं नसतील." तिने फोटो खाली सरकवला. "दादा, तारेवर दव आहे."

"असणारच. मरणाची थंडी होती."

"नऊ थेंब आहेत. नवांचीही रेघ झालीय. सगळ्या एकाच बाजूला."

दादाला पुढचं सांगावं लागलं नाही. आत वहिनीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे ते बसलेलंच होतं," दादा म्हणाला.

"हो."

"आणि तू?"

"मी कुठे फोटोत आहे? पण थेंबांना काही मी हलवलं नाही."

"सोळा वर्षं," दादा म्हणाला.

"आणि दोन महिने," वहिनी आतून म्हणाली. "ऐकायला मी होते इथे."

धाकटीने विचारलं, "स्वतःचा हात कशाला काढत बसलास? उजेड मापायला कार्ड मिळतं की दुकानात."

"मिळतं," दादा म्हणाला.

मग खिडकीकडेच बघत तो म्हणाला, "हात."

तिने तळहात धरला.

"वर घे. अजून बाजूला. हां, तिथेच." तो बघत राहिला. ती हलली नाही.

"त्याला धार लावू नकोस," शेवटी तो म्हणाला. "दाणेही असू देत. आणि शेजारी त्याच दिवशीचा पहिला फोटो लाव."

"बाराच जागा आहेत."

"मग खंड्या काढ. खंड्या सगळ्यांकडे असतो."

त्या सकाळी हातमोज्यांची एकच जोडी होती. ती दादाची होती, आणि घरातून निघतानाच त्याने ती धाकटीच्या हातांत घातली होती. कॅमेरा धरणारे त्याचे हात उघडेच होते.